पिशवीवरचं चिन्ह, पिशवीची खूण

जून उजाडला की अकोला-अमरावतीच्या कृषी केंद्रांसमोर रांगा लागतात. आत थप्पीने रचलेल्या रंगीत पिशव्या. कुठे सोयाबीनचं टंच झाड, कुठे कपाशीची फुटलेली बोंडं. शेतकऱ्याची नजर मात्र ओळखीचं चिन्ह शोधते.

'महाबीज' हे त्यातलं घरचं नाव. महाराष्ट्र राज्य बियाणे महामंडळ १९७६ साली स्थापन झालं आणि त्याचं मुख्यालय अकोल्यात आलं. सरकारी महामंडळाचं लांबलचक नाव काउंटरवर कोण उच्चारणार? चार अक्षरांनी ते काम सोपं केलं. बोधचिन्हाची खरी परीक्षाही इथेच होते: धुळीत, घाईत, हातभर अंतरावरून, एकाच रंगात छापलं तरी ते ओळखू यायला हवं. स्टेट बँकेचं १९७१चं निळं वर्तुळ आठवा. शेखर कामत यांनी ते केलं, आणि पासबुकावर असो की इमारतीवर, चुकत नाही.

पण बियाण्याच्या पिशवीला दुसरीही ओळख असते, आणि ती कोणा डिझायनरच्या मर्जीवर नाही. पैदासकार बियाण्याला सोनेरी पिवळा टॅग, पायाभूतला पांढरा, प्रमाणितला निळा, सत्यप्रत बियाण्याला हिरवट. प्रमाणीकरण करणाऱ्या राज्य यंत्रणेचं मुख्यालयही अकोल्यातच आहे.

चिन्हाची नोंदणी ट्रेडमार्क म्हणून होते, दर १० वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तरी नक्कल होतेच. चित्र छापायला कितीसा खर्च?

म्हणून पेरणीनंतर पिशवी फेकू नका. पावती, टॅग आणि मूठभर बियाणं पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर तेच लागतं.