आपल्या शेजारची गावं

मंडळी, बे एरियात जगभरची माणसं राहतात, हे आपण पाहुण्यांना कौतुकाने सांगतो. पण प्रत्येक गावाचा चेहरा वेगळा. २०२० च्या जनगणनेत फ्रीमाँटमध्ये निम्म्याहून जास्त लोक आशियाई वंशाचे. त्यात आपणही आलो. डेली सिटीत फिलिपिनो, सॅन होजेत व्हिएतनामी वस्ती मोठी.

हे सगळं आपोआप घडलेलं नाही. दुसऱ्या महायुद्धात रिचमंडच्या जहाज कारखान्यांत कामाला दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय आले. पण कित्येक वस्त्यांत गोऱ्यांखेरीज कुणाला घर विकायचं नाही, अशी अट खरेदीखतातच असे. सुप्रीम कोर्टाने १९४८ साली या अटी कोर्टातून राबवायला मनाई केली. घर देताना वंशभेद करायला कायद्याने बंदी आली ती १९६८ मध्ये. तोवर चांगल्या वस्त्यांतली घरं दुसऱ्यांची झाली होती.

कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्याच्या त्याच काळात, १९६५ साली, इमिग्रेशनचा जुना देशवार कोटा उठला आणि आपल्याला दार उघडलं. म्हणून यंदाचा निधी फक्त आपल्या माणसांपुरता नाही. शेजारच्या गावांतल्या फूड बँकेलाही त्यातला वाटा जाणार आहे. सढळ हाताने द्या!