घरात अनोळखी बेडूक निघाला तर? आधी ओळख, मग निष्कर्ष

पावसाळा सुरू झाला की वस्त्यांमधून आमच्याकडे काही ठरावीक फोटो येऊ लागतात. मोरीच्या भिंतीला चिकटलेला तपकिरी बेडूक, पाण्याच्या पिंपामागे दडून बसलेला खरखरीत अंगाचा प्राणी, साचलेल्या पाण्यात ओरडणारे पिवळेधमक बेडूक. सोबत एकच प्रश्न असतो, "हा विषारी आहे का? बाहेरच्या देशातून आलाय का?" अनेकदा प्रश्न येईपर्यंत त्या जीवावर मीठ किंवा फिनाइल टाकूनही झालेले असते.

ही भीती अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. माणसाने दुसरीकडून आणलेल्या बेडकांनी जगात अनेक ठिकाणी मोठे नुकसान केले आहे आणि आपल्या देशात अंदमानातही तसे घडले आहे. पण 'अनोळखी' आणि 'परका' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कधी पाहिला नाही म्हणून बेडूक बाहेरचा ठरत नाही. साप साप म्हणून भुई धोपटण्याआधी समोरचा जीव कोण आहे, हे पाहायला हवे. ते कसे पाहायचे आणि शंका आलीच तर काय करायचे, हे या लेखात समजून घेऊ.

आक्रमक प्रजाती कशाला म्हणतात?

एखादा प्राणी आक्रमक ठरण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात. पहिली, तो मुळात तिथला नसतो. माणसाने त्याला जाणूनबुजून किंवा नकळत तिथे नेलेले असते. दुसरी, तिथे तो स्वतःच्या बळावर वाढतो आणि पसरतो. तिसरी, त्यामुळे तिथल्या जीवसृष्टीचे, शेतीचे किंवा माणसांचे नुकसान होते. दिसायला विचित्र असणे, अंगावर खडबडीत फोड असणे, मोठ्याने ओरडणे यांपैकी कशाचाही या व्याख्येशी संबंध नाही.

याचे गाजलेले उदाहरण ऑस्ट्रेलियातील 'केन टोड' या भेकाचे आहे. उसावरील भुंगेऱ्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १९३५ मध्ये हवाई बेटांवरून सुमारे शंभर भेक क्वीन्सलँड प्रांतात आणले गेले. भुंगेरे उसाच्या शेंड्याकडे आणि त्यांच्या अळ्या जमिनीत मुळाशी, त्यामुळे भेकांना ते फारसे मिळालेच नाहीत. भेक मात्र पसरत गेले. त्यांना खाऊन तिथल्या घोरपडी, साप आणि क्वोल नावाचे मांसाहारी प्राणी विषाने मरू लागले. किडीवरचा स्वस्त उपाय म्हणून आणलेला जीव कीड राहिली बाजूलाच आणि स्वतःच संकट होऊन बसला.

आपला बेडूक, दुसऱ्याच्या घरी

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रातील घराघरांत दिसणारा खरखरीत अंगाचा भेक इथला मूळ रहिवासी आहे. दक्षिण आणि आग्नेय आशियात तो सर्वत्र आढळतो. हीच प्रजाती मादागास्कर बेटावर मात्र आक्रमक ठरली आहे. तिथल्या टोआमासिना या बंदराच्या परिसरात ती पसरल्याचे २०१४ मध्ये जगासमोर आले. हे भेक आग्नेय आशियातून आले असावेत असे जनुकीय तपासणीतून दिसले. मालवाहतुकीबरोबर ते नकळत पोहोचले, असे मानले जाते. मादागास्करमध्ये मुळात भेक नव्हतेच, त्यामुळे तिथल्या प्राण्यांना या विषाची सवय नव्हती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तिथल्या ७७ प्रजातींची जनुकीय तपासणी झाली. त्यातील ७६ प्रजातींत या विषाला तोंड देण्याची क्षमता आढळली नाही.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले. मुख्य भूमीवरील शेतांत आणि डबक्यांत राहणारा मोठा बैल बेडूक या शतकात अंदमान बेटांवर पसरला. मत्स्यशेतीसाठी नेलेल्या मत्स्यबीजासोबत त्याची पिल्ले तिथे पोहोचली. त्याची शेपटीवाली पिल्ले मांसाहारी असतात. ती स्थानिक बेडकांची पिल्ले फस्त करतात, हे प्रयोगांतून दिसले आहे. मोठा झालेला बेडूक कीटकांपासून लहान सरड्यांपर्यंत जे तोंडात मावेल ते खातो.

अंदमानातील अभ्यासाची एक गोष्ट कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी अशी आहे. हा बेडूक केव्हा आणि कसा पसरला याची नोंद कुठल्याही कार्यालयात नव्हती. संशोधकांनी गावोगावी जाऊन लोकांना विचारले, हा बेडूक तुमच्याकडे पहिल्यांदा कधी दिसला? लोकांच्या आठवणी एकत्र करून त्याच्या प्रसाराचा नकाशा तयार झाला. शेतात आणि तळ्यावर राबणाऱ्या माणसाचे निरीक्षण विज्ञानाच्या कामी येते, ते असे.

म्हणजे एकच प्राणी एका ठिकाणी घरचा आणि दुसऱ्या ठिकाणी आक्रमक. दोष त्याच्या जन्मात नाही. त्याला उचलून कुठे नेऊन सोडले, यात आहे.

आपल्या घरात कोण कोण येते?

महाराष्ट्रात घरात सापडणारे बहुतेक 'अनोळखी' बेडूक पुढीलपैकी एक असतात.

भेक: अंग कोरडे आणि खडबडीत, चाल संथ, उड्या लहान. डोक्यावर डोळ्यांभोवती काळसर कडा उठून दिसतात आणि डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना फुगीर ग्रंथी असतात. दिव्याखाली किडे टिपायला तो अंगणात येतो. त्याचे विष या ग्रंथींत असते. तो अंगावर येत नाही की चावत नाही; दाबले किंवा तोंडात धरले तरच विष बाहेर येते.

झाडबेडूक: रात्रीत मोरीच्या भिंतीवर चढून बसतो तो बहुधा हाच. बोटांच्या टोकांना गोल चकत्या असतात, त्यांच्या आधाराने तो गुळगुळीत फरशीवरही चढतो. लांबी साधारण ७-८ सेंटिमीटरपर्यंत. रंग कधी फिकट, कधी गडद, त्यामुळे एकच बेडूक दोन दिवशी वेगळा वाटतो. मांडीच्या मागच्या बाजूला गडद रंगावर पिवळे ठिपके असतात, ही त्याची मोठी खूण. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर साबणाच्या फेसासारखा गोळा दिसला, तर ते याचे घरटे असू शकते. त्यात अंडी असतात.

बैल बेडूक: पाठीवर लांब उभ्या घड्या, रंग हिरवट किंवा तपकिरी, अंगाने दांडगा. पहिल्या जोरदार पावसात नर लिंबासारखा पिवळा होतो आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो. जुलै २०२० मध्ये मध्य प्रदेशातील नरसिंहपूरच्या अशाच पिवळ्या बेडकांचा व्हिडिओ देशभर फिरला. पुष्कळांना हा कुठला तरी परदेशी प्राणी वाटला. तो आपलाच बेडूक होता, विणीच्या रंगातला. थोड्याच काळात हा रंग उतरतो.

फुगा बेडूक: गोल गरगरीत अंग, आखूड पाय, बारीक तोंड. वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहतो आणि पावसात थोडे दिवस वर येतो. म्हणून पन्नास वर्षे त्याच गावात राहिलेल्या माणसालाही तो नवा वाटतो.

सह्याद्रीच्या पट्ट्यात लालसर-सोनेरी पाठीचा आणि काळ्या कुशींचा एक देखणा बेडूकही घरात शिरतो. पश्चिम महाराष्ट्रासह मोठ्या भागात पसरलेल्या या बेडकाला 'हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा' हे शास्त्रीय नाव मिळाले ते २०१५ मध्ये. पिढ्यानपिढ्या शेजारी राहणाऱ्या जीवाला स्वतंत्र ओळख मिळायला इतका काळ लागला. तेव्हा आपल्याला नाव माहीत नसणे यात नवल नाही.

ओळख पटवताना काय पाहावे?

नुसत्या रंगावर जाऊ नका. बेडकाचा रंग वय, ऋतू, प्रकाश आणि ओलावा यांप्रमाणे बदलतो. त्याऐवजी पुढील गोष्टी पाहा आणि मोबाइलवर फोटो घ्या.

१. बोटांची टोके: चकत्या आहेत की बोटे टोकदार आहेत? मागच्या पायांच्या बोटांमध्ये पडदा कुठपर्यंत आहे?
२. पाठ: गुळगुळीत, फोडांची की उभ्या घड्यांची?
३. डोळ्यांमागचा भाग: फुगीर ग्रंथी आहेत का? कानाचा गोल पडदा दिसतो का?
४. कुशी आणि मांड्या: ठिपके, पट्टे, वेगळा रंग?
५. आकार: शेजारी नाणे किंवा पट्टी ठेवून एक फोटो.
६. आवाज: ओरडत असेल तर रेकॉर्डिंग करा. प्रत्येक प्रजातीचा आवाज वेगळा असतो, तज्ज्ञ अनेकदा आवाजावरूनच ओळखतात.
७. ठिकाण, तारीख, वेळ: घरात, झाडावर, पाण्यात की जमिनीत?

जगभर धास्ती असलेल्या दोन परदेशी बेडकांच्या खुणाही माहीत असाव्यात. आफ्रिकी नखवाला बेडूक कायम पाण्यात राहतो, त्याचे डोळे डोक्याच्या वर असतात आणि मागच्या पायाच्या तीन बोटांना काळी नखे असतात. अमेरिकी बैल बेडूक आपल्या बैल बेडकाएवढाच दांडगा असतो, पण त्याच्या पाठीवर उभ्या घड्या नसतात आणि त्वचेची एक घडी डोळ्यामागून निघून कानाच्या पडद्याभोवती वळते. यांतली एखादी खूण जुळली, तर तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे.

शंका खरी वाटली तर

पहिली गोष्ट, मारू नका. ऑस्ट्रेलियात केन टोड समजून लोक स्थानिक बेडकांनाच मारतात, म्हणून आधी खात्री करा असे तिथे सांगावे लागते. दुसरी गोष्ट, लांबच्या तळ्यात किंवा जंगलात नेऊन सोडू नका. तो खरोखर परका असेल, तर आपणच त्याला पसरवू. तो स्थानिक असला तरी धोका राहतोच, कारण बेडकांमध्ये कायट्रिड नावाच्या बुरशीचा रोग पसरतो. या रोगामुळे जगातील सुमारे ९० उभयचर प्रजाती नामशेष झाल्या असाव्यात, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला.

मग करायचे काय? ओळखीचा स्थानिक बेडूक असेल, तर स्वच्छ ओल्या हाताने किंवा भांड्याने उचलून दाराबाहेरच्या ओलसर आडोशाला ठेवा आणि नंतर साबणाने हात धुवा. खरीच शंका असेल, तर त्याला झाकणाला भोके पाडलेल्या डब्यात ओल्या फडक्यासह ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकले, तर जाणकार मोफत ओळख सांगतात. जवळच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्र विभागालाही विचारता येते.

लहान मुलांना भेक हाताळू देऊ नका. हाताळला तर डोळे चोळण्याआधी हात धुवायला लावा. कुत्र्याने तोंडात धरल्यास त्याचे तोंड पाण्याने धुवून पशुवैद्याला दाखवा. भेक खाणे जिवावर बेतू शकते. पण त्याला हात लावल्याने चामखीळ येते, हा निव्वळ गैरसमज आहे. चामखीळ माणसांमधील विषाणूमुळे येते.

मीठ टाकण्याबद्दल स्पष्ट सांगायला हवे. बेडूक त्वचेतून पाणी घेतो आणि काही प्रमाणात श्वासही घेतो. मीठ त्याच्या अंगातील पाणी ओढून घेते आणि तो तडफडून मरतो. फिनाइलही त्या नाजूक त्वचेतून थेट अंगात जाते. बेडूक घरात नकोच असेल, तर मोरीच्या तोंडाला जाळी लावा, दाराखालची फट बुजवा, टाकीवर झाकण ठेवा आणि भिंतीलगतची अडगळ हटवा. बेडकामागे साप येईल ही भीतीही याच उपायांनी कमी होते.

बेडूक का टिकायला हवेत, हे आपल्या देशाने एकदा अनुभवले आहे. भारतातून बेडकांच्या तंगड्यांची मोठी निर्यात होत असे. बेडूक घटले तर पिकांवरील किडी वाढतील, ही चिंता पुढे आली आणि १९८७ मध्ये ही निर्यात बंद करण्यात आली.

तरुणांनी यात काय करावे?

जैविक विविधता कायदा, २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायत आणि नगरपालिकेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. आपल्या गावात, प्रभागात ही समिती आहे का, नोंदवहीत बेडकांचे पान आहे का, ते विचारा. नसेल तर या पावसाळ्यात चार-पाच जणांनी मिळून वस्तीत दिसणाऱ्या बेडकांचे फोटो, आवाज आणि तारखा जमवा. वयस्कर मंडळींना विचारा, पूर्वी कोणते बेडूक दिसत, आता कोणते दिसत नाहीत आणि कोणता अलीकडे दिसू लागला.

एखादा परका बेडूक उद्या खरोखरच आला, तर तो नवा आहे हे कळण्यासाठी जुने कोण होते याची यादी हाताशी हवी. ती यादी वस्तीत राहणारी माणसेच करू शकतात. आणि 'विषारी परदेशी बेडूक' असा संदेश मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढेच विचारा: बोटांचा फोटो आहे का?