लाकूडकामाचा सामायिक कारखाना : मिरजेच्या सतारमेकरांकडे पाहून काही हिशेब

सातारा व सांगली जिल्ह्यांत सुतारकाम आणि फर्निचर करणारे आपले कारागीर पुष्कळ आहेत. बहुतेकांचा कारखाना म्हणजे घराची पडवी किंवा भाड्याचा दहा बाय बाराचा गाळा. हातात हुनर आहे, गिऱ्हाईकही आहे. परंतु लाकूड साठवायला जागा नाही आणि मोठे मशीन कर्ज काढून घेतले तरी ते दिवसातून तासभरच चालते. मग आठ-दहा जणांनी मिळून एकच मोठा कारखाना का उभारू नये, असा प्रश्न कराड-साताऱ्याकडचे काही तरुण विचारतात. त्याचे उत्तर शोधण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. मिरजेला जावे.

मिरजेत सतारी व तंबोरे बनतात हे सर्वांना ठाऊक आहे. (सातारा आणि सतार या दोन शब्दांचा घोळ बाहेरगावचे लोक आजही घालतात, ते असो.) हा धंदा जेथून सुरू झाला ते घराणे शिकलगारांचे, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्यांचे. इंग्रजी अमलात तलवारी-भाल्यांचे काम आटले, तेव्हा १८५० च्या सुमारास फरीदसाहेब व त्यांचे बंधू वाद्यदुरुस्तीकडे आणि पुढे वाद्ये बनविण्याकडे वळले. मिरज संस्थानच्या पटवर्धनांचा आश्रय मिळाला. पुढे उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले आणि गायक-वादकांची ये-जा वाढली. आडनावच सतारमेकर पडले. धंदा बुडाला म्हणून रडत न बसता हातातली कानस-पटाशी नव्या कामाला लावणारी ही माणसे होती.

या गल्लीतले दुकान वेगळे असले तरी काम एकट्याचे कधीच नव्हते. भोपळा मंगळवेढ्याकडून येतो, तुणीचे लाकूड कर्नाटकातून येते. भोपळा कापून गळा जोडणे, दांडी कोरणे, तबली बसविणे, नक्षी, चपड्याचे पॉलिश, पडदे व तारा चढविणे आणि शेवटी जवारी काढणे ही कामे निरनिराळ्या हातांत वाटली जातात. शेजाऱ्याचा हात आपल्या मालात असतो. म्हणूनच २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा ते कोणा एका दुकानाच्या नावावर मिळाले नाही. सतारीचे मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टरला व तंबोऱ्याचे सोलट्यून या उत्पादक संस्थेला मिळाले. कायदाच तसा आहे. मानांकन समूहाचे असते, आणि ते आपल्या मालावर वापरायचे तर प्रत्येक कारागिराला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ही दुसरी पायरी पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आता कारखान्याकडे वळू. पहिली गोष्ट संस्थेची. मी एका गावात असा सामायिक कारखाना पाहिला आहे; गावाचे नाव सांगत नाही. अनुदानातून मशीन आले, उद्घाटन झाले, पेढे वाटले गेले. तीन महिन्यांनी कुलूप लागले. कारण एवढेच की रंध्याची पाती बोथट झाली तर ती धारेला कोणी द्यायची आणि विजेचे बिल कोणी किती भरायचे, हे कोणी लिहून ठेवले नव्हते. तेव्हा मशीनचे कोटेशन मागविण्यापूर्वी एक वही करावी. कोणी किती तास मशीन वापरले, ते तेथेच सहीनिशी लिहावे. वीज व पाती यांचा खर्च तासांवर वाटावा. भाडे व राखणदाराचा पगार सर्वांवर सारखा वाटावा. सोडून जाणाऱ्याला ठेव कधी व किती परत मिळेल, हेही पहिल्याच दिवशी ठरावे. भाऊबंदकीत व दोस्तीत हे बोलायला संकोच वाटतो, पण पुढची भांडणे याच संकोचातून होतात.

कायदेशीर रूप कोणते घ्यावे? चार-पाच जण असतील तर भागीदारी पुरते. त्याहून अधिक असल्यास सहकारी संस्था किंवा उत्पादक कंपनी करावी. दोन्हींना निदान दहा व्यक्ती लागतात, आणि सहकारी संस्थेत त्या वेगवेगळ्या कुटुंबांतील असाव्या लागतात. उत्पादक कंपनी फक्त शेतकऱ्यांचीच असते असा समज आहे, तो बरोबर नाही. हस्तकलेचे व कुटिरोद्योगाचे उत्पादनही कायद्याने त्यात धरले आहे.

हौसेने लाकूडकाम करणाऱ्यांना दूर ठेवू नये, असे माझे मत आहे. निवृत्त वायरमन, फिटर, चित्रकला शिक्षक अशी मंडळी प्रत्येक गावात असतात. त्यांना संध्याकाळी दोन तास मशीन हवे असते. त्याचे ते पैसे देतात, आणि वायरिंगचा नकाशा किंवा मशीनची दुरुस्ती आनंदाने करून देतात. मात्र कारागिराच्या कामाची वेळ त्यांनी घेऊ नये, एवढे पाहावे.

जागा किती लागते याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो, कारण लोक मशीनची जागा मोजतात, फळीची मोजत नाहीत. आठ फुटी फळी रंधा मशीनमधून काढायची तर मशीनच्या पुढे आठ व मागे आठ फूट मोकळे हवेत. म्हणजे मशीन चार फुटांचे धरले तरी वीस फुटांची सरळ रेघ झाली. लाकूड दारातून आत येऊन आधी करवतीकडे, मग रंध्याकडे, मग बाकांकडे जाईल अशी मांडणी केली की अर्धी उचलाठेव वाचते.

विजेचा हिशेब सोपा आहे. बँड सॉ ३, गोल करवत ५, रंधा ३, भुसा ओढणारा पंखा २, लेथ व ड्रिल प्रत्येकी १, मिळून १५ हॉर्सपॉवर. एक हॉर्सपॉवर म्हणजे ०.७४६ किलोवॅट, म्हणून एकूण सुमारे ११.२ किलोवॅट. थ्री फेज जोडणी घ्यावी. मोटार सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते, त्यामुळे दोन मोठ्या मोटारी एकाच क्षणी सुरू करू नयेत.

सामायिक कारखान्याचा खरा फायदा मशीनमध्ये नसून लाकडात आहे. एकटा सुतार वखारीतून लागेल तशी फळी आणतो, ओली आणतो आणि उन्हाळ्यात गिऱ्हाईकाचे दार वाकते. दहा जण मिळून ट्रकभर माल घेतात, तेव्हा भाव मिळतो आणि माल सुकवायला वेळही मिळतो. मोजमाप सर्वांना आलेच पाहिजे. बारा फूट लांब, सहा इंच रुंद व दोन इंच जाड फळी म्हणजे बरोबर एक घनफूट. गोल ओंडक्याचे माप घेराच्या चौथ्या हिश्श्याचा वर्ग गुणिले लांबी असे धरतात. चार फूट घेर व दहा फूट लांबीचा ओंडका या हिशेबाने दहा घनफूट होतो. प्रत्यक्षात त्यात पावणेतेरा घनफुटांच्या आसपास लाकूड असते. ही सूट कापणीतल्या नासाडीपोटी आहे, वखारवाल्याची मेहेरबानी नव्हे.

सुकविताना थरांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक ठेवाव्यात आणि फळ्यांच्या टोकांना रंग लावावा, म्हणजे चिरा पडत नाहीत. लाकूड वाळले की नाही हे हात लावून सांगणारे उस्ताद आहेत, पण काट्यावर तपासणे बरे. शंभर ग्रॅमचा तुकडा भट्टीत वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवला आणि ८० ग्रॅम भरला, तर २० भागिले ८०, म्हणजे ओल २५ टक्के. घरातल्या फर्निचरला आपल्याकडे १२ टक्क्यांच्या आत ओल असलेली बरी.

ओंडके स्वतः कापायचे मनात असेल तर आधी वनविभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करावी. सॉ मिलला परवाना लागतो आणि १९९६ नंतर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे नियम कडक झाले आहेत. सुरुवातीला कापीव लाकूड पावतीसह घेणेच सोयीचे.

भुशाविषयी आपले लोक फार बेफिकीर आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरविले आहे. नाकातील कर्करोगाचा धोका त्यात विशेष आहे. बंद खोलीत दहा जण काम करणार असतील तर पंख्याचा खर्च शेवटी उरलेल्या पैशांतून नव्हे, पहिल्या हप्त्यातून करावा.

सरकारी मदतीचे म्हणाल, तर समूहांसाठी सामायिक सुविधा केंद्राच्या योजना आहेत; त्यांच्या अटी बदलत असतात, म्हणून जिल्हा उद्योग केंद्रात जाऊनच विचारावे. एकेकट्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १५ हजार रुपयांपर्यंत अवजारे व आधी एक, मग दोन लाखांपर्यंत कर्ज, अशी तरतूद आहे. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहेत, शस्त्रे बनविणारेही आहेत, मात्र वाद्ये बनविणारे नाहीत. मिरजेच्या शिकलगारांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी सोडलेला धंदा यादीत आहे आणि त्यांनी धरलेला नाही, हे पाहून हसू येते.

एक सावधगिरी मात्र हवी. सर्वच काम मशीनवर नेऊ नये. दांडीचा ठोकळा कापणे, फळी सपाट करणे, खुंटी लेथवर उतरविणे इतके मशीनने करावे. तबली बोटाने वाजवून तिची जाडी ठरविणे आणि घोडीवर कानस फिरवून जवारी काढणे हे हाताचेच काम आहे, आणि गिऱ्हाईक पैसे त्याचेच देते. म्हणून मोठ्या कारखान्यात खडबडीत काम आणि घरच्या दुकानात शेवटचा हात, ही वाटणी मला योग्य वाटते. फर्निचरवाल्यांनाही ती लागू पडते.

सुरुवात दिवाळीनंतर करावी. आधी छप्पर घालून लाकूड रचावे आणि वजनाची वही सुरू करावी. मशीन मार्चपर्यंत आले तरी चालते, पण रचलेले लाकूड मृगापूर्वी नीट झाकलेले असावे.