झाडाचा जीव सालीखाली

चार मजली इमारतीच्या गच्चीवर पाणी चढवायचे म्हणजे मोटार लागते, वीज लागते आणि मोटार जळली की सोसायटीची तातडीची सभाही लागते. त्याच इमारतीच्या फाटकाशी उभा असलेला पर्जन्यवृक्ष मात्र पार शेंड्यापर्यंत रोज पाणी पोचवतो. आवाज नाही, बिल नाही, सभा तर नाहीच.

हे पाणी वर चढते कसे? पंपाने नुसते वरून ओढून पाणी चढवायचे म्हटले, तर ते १० मीटरच्या आसपास अडते. पंप कितीही मोठा असो. आणि २००६ साली कॅलिफोर्नियात सापडलेला ‘हायपेरियन’ नावाचा रेडवुड वृक्ष तर ११५ मीटरहून उंच आहे! या कोड्याचे आज मान्य असलेले उत्तर डब्लिनच्या डिक्सन आणि जोली या दोघांनी १८९४ साली मांडले. उन्हाने पानांतून पाण्याची वाफ होते. लाकडात केसाहून बारीक नळ्या असतात. शाळेच्या पुस्तकातल्या त्या जलवाहिन्या. त्यांतले पाण्याचे कण फुगडी घालणाऱ्या मुलींसारखे एकमेकांचे हात घट्ट धरून असतात. पानातला कण हवेत गेला की मागचा पुढे ओढला जातो, त्याच्या मागचा त्याच्यामागून, असे थेट मुळापर्यंत. जमिनीतले नत्र, पोटॅश त्याच पाण्यात विरघळून वर येतात. मुळांनी घेतलेल्या पाण्यातले शंभरातले पंच्याण्णवहून अधिक भाग झाड हवेला देऊन टाकते. झाडाखाली गारवा वाटतो, त्यात सावलीबरोबर या वाफेचाही वाटा असतो.

खात्री करून घ्यायची असेल, तर गौरीच्या दिवसांत तेरड्याचे एक रोप अलगद उपटावे, मुळे धुवावीत आणि लाल शाईच्या पाण्यात उभे करावे. तेरड्याचे देठ काहीसे पारदर्शक असतात. थोड्या वेळाने त्यांतून लाल रेघा वर सरकताना दिसतात. घरातल्या नातवंडांना हा खेळ जरूर दाखवावा.

पण ही झाली वर जाणारी वाट. दुसरी वाट पानात तयार झालेली साखर घेऊन मुळांकडे, फळांकडे, कोवळ्या फुटव्यांकडे जाते. तिच्या नळ्या म्हणजे रसवाहिन्या. त्या लाकडात नसतात. सालीच्या आतल्या अंगाला, एका पातळ थरात असतात. इटलीच्या माल्पिघी यांनी सतराव्या शतकातच खोडावरची साल कड्यासारखी गोल काढून पाहिली होती. कड्याच्या वरचा भाग फुगला. खाली निघालेला रस तिथे अडला होता.

आपल्याकडचे द्राक्षबागाईतदार हे पुरते ओळखून आहेत. मणी धरल्यावर ते वेलीची साल काही मिलिमीटर रुंदीच्या कड्याएवढी काढतात. ‘गर्डलिंग’ म्हणतात त्याला. साखर खाली न जाता घडात राहते, मणी भरतात, आणि काही आठवड्यांत जखम भरून येते. कोकणात माडाची पोय छेदल्यावर मडक्यात ठिबकणारी नीरा म्हणजेही हाच गोड रस. माडाच्या नळ्या मात्र साऱ्या खोडभर विखुरलेल्या असतात. म्हणून चढण्यासाठी पाडलेल्या खाचा अंगावर वागवत तो वर्षानुवर्षे उभा राहतो. वड, आंबा, गुलमोहर यांना ही सवलत नाही.

ढोली पडून आतून पोकळ झालेला वड शतकभर हिरवा राहतो, कारण त्याच्या मधल्या लाकडाचे काम कधीच संपलेले असते. उलट आतून ठणठणीत असलेल्या झाडाची हातभर रुंद साल कोणी चहूबाजूंनी सोलली, तर ते मरते. आणि लगेच मरत नाही, हेच यातले भयंकर. पाणी वर जातच असते, पाने हिरवी असतात. खाली मुळे मात्र उपाशी असतात. बँकेत हयात घालवलेल्या मला हा हिशेब ओळखीचा वाटतो. खात्यात भरणा थांबला तरी शिल्लक असेपर्यंत चेक वटतात. मुळांची शिल्लक संपायला महिने लागतात, कधी वर्षही. मग एका उन्हाळ्यात झाड वाळते, लोक म्हणतात “कीड लागली असेल”, आणि जाहिरातीचा फलक किंवा दुकानाची पाटी लांबूनही स्वच्छ दिसू लागते.

महाराष्ट्राच्या शहरी भागातील झाडांसाठी १९७५ साली झालेल्या कायद्यात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही ‘तोडणे’ यातच धरले आहे. पण कुऱ्हाडीचा आवाज ऐकू येतो, सुरीचा येत नाही. शिवाय सगळीच इजा हेतुपुरस्सर नसते. दिवाळीच्या रोषणाईची तार खोडाभोवती तशीच राहते, झाड जाड होते, तार सालीत रुतते. खोडाला चिकटून सिमेंट ओतले की मुळांची हवा आणि पाणी तुटते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले, ते याचसाठी.

यावर उपाय महागडे नाहीत. रुतू पाहणारी तार कापायला पक्कड पुरते. साल नुकतीच सोलली गेली असेल, तर जाणकार माळी त्याच झाडाच्या कोवळ्या काड्यांचे कलम जखमेच्या वर-खाली बसवून रसाला पूल बांधून देऊ शकतो. पण त्यासाठी जखम वेळेत दिसायला हवी. आज रविवार आहे. संध्याकाळी फिरायला निघाल तेव्हा फाटकापाशी क्षणभर थांबा आणि झाडाच्या पानांकडे नव्हे, बुंध्याकडे पाहा.