‘पिनाफोर’चे चोर आणि सॅव्हॉयचे दिवे

१८७९ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एकाच वेळी आठ नाट्यगृहांत एकच संगीतिका चालू होती. नाव ‘एच. एम. एस. पिनाफोर’. अमेरिकेतला तिचा पहिला खेळ बोस्टनला नोव्हेंबर १८७८ मध्ये झाला आणि बघता बघता ती गावोगाव पोहोचली. कुठे निव्वळ लहान मुलांचा संच, कुठे चर्चमधल्या गायकांचा. तिकीटबाऱ्यांवर झुंबड उडत होती. पण ती लिहिणारा डब्ल्यू. एस. गिल्बर्ट, तिला चाली देणारा आर्थर सलिव्हन आणि ती उभी करणारा निर्माता रिचर्ड डॉयली कार्ट या तिघांच्या हाती या गल्ल्यातली कवडीही पडत नव्हती. तिघेही लंडनला, आणि अमेरिकेचा कायदा चोरांच्या बाजूला.

ऑपेरेटा, म्हणजे संवाद, गाणी, नाच आणि थट्टामस्करी यांनी भरलेली हलकीफुलकी संगीतिका, ही मूळची पॅरिसची. जॅक ऑफेनबाखनं १८५५ मध्ये, तिथं जागतिक प्रदर्शन भरलेलं असताना, एक चिमुकलं थिएटर उघडलं. सरकारी परवान्यामुळे सुरुवातीला रंगमंचावर मोजकीच पात्रं आणायची मुभा होती, तरी लोक लोटले. १८५८ मध्ये त्यानं ग्रीक देवदेवतांची टर उडवणारी ‘ऑर्फे ओझ आँफेर’ आणली. ज्यूल जानँ या वजनदार समीक्षकानं तिच्यावर आग पाखडली आणि तिकीटविक्री वाढली! लवकरच ही फ्रेंच नाटकं भाषांतरित होऊन लंडनमध्येही गाजू लागली.

कार्टला मात्र अस्सल इंग्रजी संगीतिका हवी होती. १८७५ मध्ये ऑफेनबाखच्या ‘ला पेरिकोल’ला जोड म्हणून त्याला एक छोटा खेळ पाहिजे होता. त्यानं गिल्बर्ट आणि सलिव्हनला एकत्र आणलं आणि ‘ट्रायल बाय ज्युरी’ तयार झाली. प्रेक्षकांनी मुख्य नाटकापेक्षा ही जोडच उचलून धरली.

‘पिनाफोर’ २५ मे १८७८ रोजी लंडनच्या ऑपेरा कॉमिकमध्ये रंगमंचावर आली. तिच्यात आरमाराचा एक मंत्री आहे. कधीही समुद्रावर न जाता तो त्या पदापर्यंत चढलेला आहे. त्या वेळी खरोखरच आरमाराचं खातं डब्ल्यू. एच. स्मिथ यांच्याकडे होतं, म्हणजे रेल्वे स्टेशनांवरच्या पुस्तकविक्रीच्या धंद्यातून पुढे आलेल्या गृहस्थाकडे. प्रेक्षकांना रोख कळायला वेळ लागला नाही. पण त्या वर्षीचा उन्हाळा कडक निघाला. गॅसच्या दिव्यांनी तापलेल्या थिएटरात कोण बसणार? विक्री घसरली. तेव्हा सलिव्हननं कॉव्हेंट गार्डनच्या आपल्या मैफलींत ‘पिनाफोर’मधल्या चाली वाजवल्या. लोकांच्या कानात त्या बसल्या आणि थिएटर पुन्हा भरू लागलं. पुढे तिचे सलग ५७१ प्रयोग झाले.

यश आलं की हिस्सेदार भांडतात. कार्टला भांडवल पुरवणाऱ्या मंडळींनी ३१ जुलै १८७९ च्या रात्री, खेळ चालू असताना, नेपथ्य उचलून न्यायला माणसं पाठवली. नट आणि पडद्यामागचे कामगार त्यांच्याशी भिडले; नेपथ्य जागेवर राहिलं. मग त्या मंडळींनी दुसऱ्या थिएटरात स्वतःचं ‘पिनाफोर’ काढलं, पण ते फार काळ तगलं नाही.

अमेरिकेतली चोरी निस्तरणं याहून कठीण होतं. तिथला कायदा परदेशी लेखकाला संरक्षण देत नव्हता. एकदा छापलेलं पुस्तक आणि पियानोसाठीची संगीतलिपी हाती आली, की कुणीही वाद्यवृंदाची रचना स्वतः करून खेळ लावू शकत होता. यावर कार्टनं उपाय काढला. पुढची संगीतिका छापायचीच नाही, आणि ती आपणच न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा सादर करायची. पण त्यात एक पेच होता. पहिला प्रयोग परदेशात झाला तर ब्रिटनमधला प्रयोगाचा हक्क हातचा जाणार. म्हणजे ब्रिटनमध्येही तो आधी व्हायला हवा!

म्हणून ३० डिसेंबर १८७९ रोजी डेव्हन परगण्यातल्या पेंटन गावी, थोड्याशा प्रेक्षकांपुढे, ‘द पायरेट्स ऑफ पेन्झान्स’चा पहिला प्रयोग उरकला गेला. जवळच ‘पिनाफोर’चे खेळ करणारी कार्टचीच नाटकमंडळी त्यासाठी आली होती. तालीम जेमतेम. अंगावर ‘पिनाफोर’मधल्या खलाशांचेच कपडे, चाचे दिसावेत म्हणून डोक्याला रुमाल बांधलेले. हातात संहिता धरून नट गात होते. दुसऱ्याच दिवशी, ३१ डिसेंबरला, न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यू थिएटरमध्ये खरा थाटामाटाचा प्रयोग झाला. सलिव्हन पहिल्या अंकाचे कच्चे कागद लंडनलाच विसरला होता. त्यानं ते संगीत आठवून पुन्हा लिहून काढलं. वादकांनी जादा पगारासाठी संपाची धमकी दिली, तिलाही तोंड दिलं. चोरी होऊ नये म्हणून रोज रात्री वादकांकडून सुरावटीचे कागद गोळा करून तिजोरीत ठेवले जात. कलावंतांना आपल्या श्रमाचा मोबदला मिळवायला किती आटापिटा करावा लागला, हे या दोन दिवसांत जेवढं दिसतं तेवढं क्वचितच कुठे दिसत असेल.

त्यानंतर कार्टनं स्वतःचं घर बांधलं. १० ऑक्टोबर १८८१ रोजी उघडलेलं सॅव्हॉय थिएटर हे संपूर्ण विजेच्या दिव्यांनी उजळलेलं पहिलं सार्वजनिक नाट्यगृह. सुमारे १२०० दिवे होते, पण जनित्राची ताकद सुरुवातीला रंगमंचाला पुरली नाही. तो भाग डिसेंबरअखेर उजळला. लोकांना विजेची धास्ती होती. कार्टनं मंचावर येऊन पेटता दिवा मलमलीत गुंडाळून हातोडीनं फोडला आणि कापड जराही करपलं नसल्याचं सर्वांना दाखवलं. प्रेक्षकांसाठी त्यानं केलेली सोय मला दिव्यांइतकीच मोठी वाटते. कार्यक्रमपत्रिका फुकट, कोट सांभाळणाऱ्यांना बक्षिसी द्यायची गरज नाही, आणि स्वस्त जागांसाठी रेटारेटी न होता रांग.

मनोरंजनाचा धंदा म्हटलं की आपल्याकडे अजूनही नाकं मुरडली जातात. पण हिशेब नीट ठेवले की कलावंताचं पोट भरतं, आणि हिशेबावरूनच घर मोडूही शकतं. गिल्बर्ट-सलिव्हनच्या ‘द मिकाडो’नं १८८५ पासून ६७२ प्रयोगांचा टप्पा गाठला होता. तरी १८९० मध्ये थिएटरच्या नव्या गालिच्याचा खर्च तिघांच्या खात्यात घातला म्हणून गिल्बर्ट कार्टवर भडकला. प्रकरण कोर्टात गेलं. पुढे समेट झाला, पण आधीसारखा जम पुन्हा बसला नाही.

या साऱ्या व्यापाची घडी बसवण्यात हेलन लेनॉर या स्कॉटिश स्त्रीचा वाटा फार मोठा आहे, आणि तिचं नाव पुरेसं घेतलं जात नाही. गणित आणि तर्कशास्त्र शिकलेली हेलन १८७७ मध्ये कार्टकडे काम करू लागली. पेंटनचा तो प्रयोग तिच्याच देखरेखीखाली पार पडला. १८८२ मध्ये ऑस्कर वाइल्डचा अमेरिकेतला व्याख्यानांचा दौरा कार्टनं ठरवला, कारण वाइल्डसारख्या सौंदर्यवाद्यांची खिल्ली उडवणारी गिल्बर्ट-सलिव्हनची ‘पेशन्स’ तिथं चालू होती. त्या दौऱ्याची व्यवस्थाही हेलननंच पाहिली. कार्ट आणि हेलनचं लग्न १८८८ मध्ये झालं. १९०१ मध्ये कार्ट वारला, तेव्हा कंपनीची सूत्रं तिनं हाती घेतली आणि १९१३ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, ती सांभाळली. गिल्बर्टच्या शब्दांवरचा हक्क १९६१ अखेर संपला आणि ब्रिटनमध्ये कुणालाही हे खेळ मोकळेपणानं करता येऊ लागले. कार्टची मंडळी त्यानंतरही वीस वर्षं दौरे करत राहिली आणि १९८२ मध्ये बंद पडली.