ग्रुपवर टाकलेला आकडा

अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला पायी जाणाऱ्यांची रीघ आदल्या रात्रीपासूनच लागते. वाट पंचवीस-तीस किलोमीटरची. कित्येक जण अनवाणी, बहुतेकांना उपास. या रांगेत शुगर असलेलेही असतात आणि त्यांना पडणारे प्रश्न इतरांपेक्षा वेगळे असतात. उपास धरला तर सकाळची गोळी घ्यायची का? पायाला मुंग्या येतात, तरी चप्पल काढायची का? मधेच घाम फुटून हातपाय थरथरायला लागले तर खिशात काय हवं? दवाखान्याच्या चिठ्ठीवर यातलं काहीच नसतं. तिथे गोळीचं नाव असतं, १-०-१ असतं आणि ‘तीन महिन्यांनी या’ असतं.

या तीन महिन्यांचं काय करायचं, हा मधुमेहातला खरा अवघड भाग आहे. डॉक्टरांची भेट दहा मिनिटांची. बाकीचे दिवस लग्नाच्या पंगतीत, कापूस वेचणीत, एसटीच्या प्रवासात आणि ‘एवढ्याशा गुळाने काय होतंय’ म्हणणाऱ्या मावश्यांच्या आग्रहात जातात. आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा भारतात मधुमेह असलेल्यांची संख्या १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावर उभ्या असलेल्यांची १३ कोटी ६० लाख निघाली. एवढ्या लोकांचे मधले दिवस सांभाळायला कोणतीही आरोग्य यंत्रणा पुरणार नाही. ते लोकांनाच एकमेकांचे सांभाळावे लागतात, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी माणसाने त्यासाठी हाताशी असलेलं साधन वापरलं ते म्हणजे व्हॉट्सॲपचा ग्रुप.

या कामी मराठवाड्याचा वाटा मोठा आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक असताना डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण्याची मोहीम गावोगावी नेली. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकार यांचा. दिवसात कडकडून भूक लागेल तेव्हा दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही खायचं नाही आणि रोज ४५ मिनिटं चालायचं. २०१८ च्या आसपास यावरून वर्तमानपत्रांत केवढा वाद रंगला होता! एकीकडे दीक्षित, दुसरीकडे थोड्या थोड्या वेळाने खा म्हणणाऱ्या ऋजुता दिवेकर. घराघरांत दोन पक्ष पडले होते. त्या धुरळ्यात मोहिमेतली एक गोष्ट मात्र नीट कुणी पाहिली नाही. ती आहाराची नव्हतीच. सुरुवातीला एचबीए१सी आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासायचं, रिपोर्ट ग्रुपवर टाकायचा, तीन महिन्यांनी पुन्हा तपासून पुन्हा टाकायचा. एक पैसा फी नाही. आपली शुगर शेजाऱ्यालाही कळू न देणारी माणसं अनोळखी शे-दोनशे जणांसमोर रिपोर्टचा फोटो टाकू लागली.

माझ्या मते आहाराच्या त्या पद्धतीइतकंच श्रेय या उघडेपणाला आहे. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. तपासणीच्या आदल्या दिवशी कडक पथ्य पाळून उपाशीपोटीचा आकडा सुधारता येतो, सरासरीला फसवता येत नाही. आणि तो आकडा पुढच्या तिमाहीत त्याच लोकांपुढे मांडायचा आहे हे माहीत असलं की रात्रीची बर्फी आपोआप ताटातच राहते.

हा नुसता माझा अंदाज नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत मिशेल हाइस्लर आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह आटोक्यात नसलेले २४४ पुरुष. निम्म्यांना तज्ज्ञ परिचारिकेची देखरेख, बाकीच्यांच्या जोड्या लावून दिल्या आणि सांगितलं, आठवड्यातून एकदा एकमेकांना फोन करा. सहा महिन्यांनी जोडीवाल्यांचा एचबीए१सी सरासरी ०.२९ ने उतरला होता, परिचारिकेकडच्यांचा तेवढाच चढला होता. त्याहून बोलका तपशील पुढे आहे. इन्सुलिन घ्यायची टाळाटाळ सगळेच करतात, पण जोड्यांमधल्या आठ जणांनी ते सुरू केलं, दुसऱ्या गटात एकानेच. ‘सुई लागली म्हणजे शेवट आला’ ही भीती डॉक्टर घालवू शकत नाहीत, कारण त्यांना स्वतःला सुई लागलेली नसते. ती घालवतो दहा वर्षं टोचून घेऊन रोज शेतात जाणारा माणूस. आणि दुसऱ्याला ‘गोळी घेतलीस का?’ विचारणाऱ्याला स्वतःची गोळी विसरणं लाजिरवाणं वाटतं. मदत मिळण्याइतकाच मदत करण्याचाही गुण येतो, तो असा.

तसं पाहिलं तर हे मोबाइलच्या आधीपासूनचं आहे. टोरांटोत ११ जानेवारी १९२२ ला चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं आणि त्यानंतर बारा वर्षांत, १९३४ मध्ये, लंडनमध्ये मधुमेहींची संघटना उभी राहिली. उभी करणारे दोघे होते कादंबरीकार एच. जी. वेल्स आणि डॉ. आर. डी. लॉरेन्स, आणि दोघांनाही मधुमेह होता.

पण लंडनचा सल्ला जालन्यात चालत नाही. इथले प्रश्न इथलेच. मोसंबीचंच घ्या. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ज्याच्या दारात बाग आहे त्याला ‘फळं जपून खा’ सांगून काय उपयोग? त्याला कळायला हवं ते एवढंच की सोलून, चोथ्यासकट खाल्लेली एक मोसंबी आणि चार मोसंब्यांचा गाळलेला रस यात फार फरक आहे. रसाची साखर झपाट्याने चढते. पण हाच दोष एका वेळी गुण ठरतो. साखर ७० च्या खाली गेली, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तेव्हा अर्धा-पाऊण पेला मोसंबीचा रस किंवा तीन चमचे साखर लगेच घ्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, चढली नसेल तर पुन्हा तेवढंच. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. ही माहिती पुस्तकात असतेच, पण वेचणीच्या वेळी लो झालेल्या बाईने ती ग्रुपवर सांगितली की पुढच्या वेचणीला चारजणींच्या पदराला साखरेची पुडी असते.

भाकरीचंही तसंच. ‘ज्वारीची भाकरी कितीही खा, शुगर वाढत नाही’ हा समज आपल्याकडे पक्का आहे. ज्वारीत चोथा जास्त, हे खरं. पण पिष्टही गव्हाच्या तोडीचं असतं आणि आपली एक भाकरी म्हणजे दोन पोळ्यांचा ऐवज. ग्लुकोमीटर घेऊन जेवणाआधी आणि दोन तासांनी तपासून पाहिलेल्या माणसाचा फोटो या समजाला जितका हलवतो तितकं आहारतज्ज्ञाचं व्याख्यान हलवत नाही.

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे गेला, त्यात वीज गेली की इन्सुलिनचं काय करायचं, हा असाच इथला प्रश्न. न फोडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची, फ्रिजरमध्ये कधीच नाही, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन टाकून द्यावं लागतं. फ्रिज नसलेल्या घरांत कुपी प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून पाण्याच्या माठात किंवा ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवायची युक्ती जुन्या रुग्णांनी नव्यांना शिकवलेली आहे. तिच्याकडे अडाणीपणा म्हणून पाहायचं कारण नाही. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीतल्या तापमानाची नोंद घेऊन ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने इन्सुलिनची चाचणी केली. २५ ते ३७ अंशांच्या चढउतारातही ते चार आठवडे टिकतं, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. जालन्याचा उन्हाळा ३७ वर थांबत नाही, म्हणून माठ हवाच.

इन्सुलिनचा विषय निघाला की टाइप १ च्या मुलांकडे वळावं लागतं. त्यांना मधुमेह गोडाने होत नाही आणि आईच्या चुकीनेही होत नाही. शरीराचीच प्रतिकारशक्ती इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. गोळी, पथ्य, दोनदा जेवण यातलं काहीच त्यांच्या इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही (दीक्षितांच्या मोहिमेतही ही पद्धत टाइप १ साठी नाही, असंच सांगितलं जातं). इन्सुलिन थांबलं तर काही दिवसांतच जिवावर बेततं. शाळेत असं मूल बहुधा एकटंच असतं. डबा उघडण्याआधी सुई टोचून घेणारं दुसरं कुणी त्याने पाहिलेलंच नसतं. जालन्याहून तासाभरावर, छत्रपती संभाजीनगरात, डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था दोन दशकांहून अधिक काळ अशा मुलांसाठी काम करते आहे. तिथे इन्सुलिन आणि शिक्षण तर मिळतंच, पण मुलाला आपल्यासारखी दुसरी मुलं दिसतात, याचं मोल मला जास्त वाटतं. पुण्यात नूपुर ललवाणी यांनी ‘ब्लू सर्कल डायबेटिस फाउंडेशन’ उभं केलं. त्यांना स्वतःला लहानपणापासून टाइप १ आहे. त्यांच्या ‘बडी प्रोजेक्ट’मध्ये मधुमेह असलेली माणसंच एकमेकांना फोनवरून साथ देतात. लग्न जुळवताना आजार सांगायचा का, हा प्रश्न मंठ्याच्या किंवा घनसावंगीच्या मुलीने गावात कुणाला विचारायचा? तो ती तिथे विचारू शकते.

अर्थात फोन तिच्या हातात असेल तर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्केच निघाल्या. घरातला एकुलता स्मार्टफोन सासऱ्यांच्या खिशात असेल तर तिचा ग्रुप कोणता? मधुमेहाच्या बहुतेक ग्रुपांवर बोलणारे पुरुष असतात, निवृत्त असतात आणि भरपूर मोकळा वेळ असलेले असतात, ही तक्रार खोटी नाही.

यापेक्षा मोठा दोष आहे फॉरवर्डचा. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी. यांनी थोडीफार साखर उतरेलही, पण ‘माझी गोळी सुटली, तुम्हीही सोडा’ इथवर गाडी आली की ग्रुप धोक्याचा होतो. त्यातच ‘मधुमेह मुळापासून बरा’ म्हणत चूर्ण विकणारा कुणीतरी शिरतोच. १९५४ च्या केंद्रीय कायद्याने अशा जाहिरातीला बंदी आहे, आणि ॲडमिनने त्याला काढून टाकायला कायद्याचीही गरज नाही.

‘मधुमेहमुक्त झालो’ या घोषणेबद्दलही स्पष्ट बोललं पाहिजे. टाइप २ मध्ये हे घडू शकतं. ब्रिटनमधल्या डायरेक्ट या चाचणीत वजन भरपूर घटवलेल्या गटातल्या ४६ टक्के लोकांची साखर एका वर्षाने औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली होती. दोन वर्षांनी हे प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. त्यांचा आजार सहा वर्षांच्या आतला होता आणि कुणीही इन्सुलिनवर नव्हतं. औषधं बंद करून किमान तीन महिने झाल्यावरही एचबीए१सी ६.५ च्या खाली असेल तरच तज्ज्ञ त्याला ‘रेमिशन’ म्हणतात, आणि वर्षातून एकदा तपासत राहा असंही बजावतात. ग्रुपवर टाळ्या पडतात त्या सुटलेल्यांसाठी. ज्यांचा आकडा सगळं पाळूनही उतरत नाही ते गप्प होतात आणि एके दिवशी ‘लेफ्ट’ झालेले दिसतात. खरं तर सोबतीची गरज त्यांना जास्त होती. मला विचाराल तर ज्या ग्रुपवर साडेनऊचा आकडा टाकणाऱ्याला उपदेशाआधी ‘बरं झालं सांगितलंत, पाय आणि डोळे तपासलेत का?’ असं विचारलं जातं, तोच चांगला ग्रुप.

असा ग्रुप करायला फार काही लागत नाही. दहा-पंधरा माणसं पुरेत, शंभर नकोत. टाइप १ आणि टाइप २ वेगळे ठेवा. औषधाचं प्रमाण ग्रुपवर ठरवायचं नाही, ते डॉक्टरांनाच विचारायचं, हे पहिल्याच दिवशी लिहून टाका. उपासाच्या दिवशीची गोळी हा त्यातलाच प्रश्न आहे, कारण काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर धोकादायक उतरते, काहींनी सहसा उतरत नाही. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनीही महिनाभर आधीच डॉक्टरांना गाठावं. पायांत बधिरपणा असेल तर वारी असो की राजूर, चप्पल-बूट घालूनच चालावं आणि मुक्कामी तळपाय आरशात पाहावेत. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा प्रत्यक्ष जमा, मंदिराच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीत, कुठेही.

आणि ज्यांनी अजून तपासलंच नाही त्यांच्यासाठी: तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहाची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचारालाही पैसे लागत नाहीत. गावातल्या आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. जाताना शेजाऱ्यालाही सोबत न्या.