माहिती चौकट : नर्रईच्या खिंडीतली समाधी

स्थळ : जबलपूरहून मंडल्याकडे जाताना बरेल्याजवळ, टेकड्यांच्या कुशीत.

कोणाची? : गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीची. माहेर चंदेलांचं, सासर गोंडांचं. पती दलपतशाह यांच्या निधनानंतर अल्पवयीन मुलगा वीरनारायण याच्या नावाने तिने सुमारे 14 वर्षं राज्य सांभाळलं.

शेवटचा दिवस : 24 जून 1564. समोर अकबराचा सरदार आसफखान. राणी हत्तीवरून लढत होती. एक बाण कानशिलात, दुसरा मानेत घुसला. जिवंत हाती लागायचं नाही, म्हणून तिने आधार या विश्वासू सेवकाला कट्यार चालवायला सांगितलं. त्याचा हात धजेना. अखेर तिने स्वतःच कट्यार छातीत खुपसली. अबुल फझलच्या ‘अकबरनामा’त हा प्रसंग नोंदलेला आहे.

गारगोटीचा मान : ठगांचा बंदोबस्त करणारा इंग्रज अधिकारी स्लीमन याने 1844 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात इथली रीत लिहून ठेवली : वाटसरू आसपास सापडणारी सर्वांत सुंदर गारगोटी निवडून समाधीवर वाहतो. जवळचे दोन मोठे गोल दगड म्हणजे राणीचे नगारे, ते मध्यरात्री रानात घुमतात, अशी लोकांची श्रद्धाही त्याने टिपली.

शहरातल्या खुणा : जबलपूरचे राणीताल आणि आधारताल हे तलाव. 1983 पासून विद्यापीठालाही राणीचं नाव आहे.

जबलपूरजवळचा भेडाघाट पाहायला जाणाऱ्यांनी नर्रईसाठीही अर्धा दिवस राखून ठेवावा.